गादीवरची डूटी: माजी सैनिकाची झोप वर्तनोपचारानं परत आणण्याची रीत

"मॅडम, झोप येऊनच नाही राहिली."

कामठी रोडवरच्या एका लेआउटमध्ये राहणारे निवृत्त हवालदार समोर बसले होते. पाठ ताठ. बसण्याआधी त्यांनी खुर्ची दाराकडे तोंड होईल अशी वळवून घेतली होती. शेजारी बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "झोपतात ना, पण कान उघडे ठेवून. गल्लीत कुत्रं भुंकलं की हे दाराशी उभे." साडेनऊला गादीवर पडायचं, साडेअकरापर्यंत कूस बदलायची, दोनला दचकून उठायचं, कुलूप तपासायचं, गच्चीवर चक्कर मारायची आणि पहाटे कुठं डोळा लागतो तोच सहा वाजलेले. पेन्शन येऊन सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात गोळ्या झाल्या, अश्वगंधा झालं, कॅन्टीनची रमही झाली.

ओळख पटू नये म्हणून इथं दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. पण नागपूर-कामठी भागात फौजी घरात वाढलेल्या कुणालाही हे चित्र नवं वाटणार नाही. कामठीला लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाची मेंटेनन्स कमांड. त्यामुळे निवृत्तीनंतर इथंच घर बांधून राहिलेली कुटुंबं पुष्कळ. माझे वडीलही फौजेत होते. ते झोपलेले असताना त्यांच्या खाटेजवळून जायचं नाही, हे आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. तेव्हा त्यावर काही उपचार असतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या उपचाराचं नाव निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा, म्हणजे सीबीटी-आय. साधारण ६ ते ८ भेटींचा हा कार्यक्रम असतो. जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये केली. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागानं तर आपल्या दवाखान्यांमधले थेरपिस्ट यासाठी मुद्दाम प्रशिक्षित केले. म्हणजे फौजी माणसांवर ही रीत भरपूर वापरून झाली आहे. माझा अनुभव असा, की फौजी माणसाला ही रीत सिव्हिलमधल्या माणसापेक्षा लवकर जमते. इथं मन मोकळं करून रडायचं नसतं, रोज ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करायची असते. ड्रिलच आहे ही, आणि ड्रिल त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

झोप बिघडते कशी

आर्थर स्पिलमन या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये निद्रानाशाची तीन प्रकारची कारणं मांडली: मुळात असलेली, सुरुवात करून देणारी आणि टिकवून ठेवणारी. फौजी माणसाच्या बाबतीत पहिल्या दोन प्रकारांची फोड करत बसावी लागत नाही. दोन तास पहारा, चार तास आराम, परत पहारा. पहाट होण्याआधी स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह सज्ज उभं राहणं. एलसीवरच्या, म्हणजे नियंत्रण रेषेवरच्या पोस्टवर पानाचा आवाज झाला तरी जागं व्हायचं. शरीर जे शिकलं ते तिथं बरोबरच होतं, त्यानंच माणूस जिवंत घरी आला. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते: तुमच्यात काही मोडलेलं नाही. तुमची डूटी उतरवून घ्यायला कुणी आलं नाही, एवढंच झालंय.

उपचार असतो तो तिसऱ्या प्रकारच्या कारणांवर. रात्री झोप झाली नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी लवकर गादीवर पडतो. दुपारी कुलरसमोर लवंडतो. संध्याकाळी टीव्हीपुढे मान टाकतो. झोपेसाठी दोन पेग घेतो. प्रत्येक गोष्ट करताना वाटतं की आपण झोप भरून काढतोय, आणि प्रत्यक्षात रात्रीची झोपेची भूक मारली जाते. तासन् तास जागं पडून राहिल्यामुळं मेंदूला कळून चुकतं की गादी ही जागं राहायची जागा आहे. अशा रीतीनं घरातला पलंगच पोस्ट होऊन बसतो.

सुरू करण्याआधी

आठवड्यातून निदान तीन रात्री आणि निदान तीन महिने असा त्रास असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पण काही आजार निद्रानाशाचा वेष घेऊन येतात, ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहणं, सकाळी डोकं जड होणं, दिवसा बसल्या जागी पेंगणं, ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं आहेत. त्याची वेगळी तपासणी आणि मशीनचा उपचार असतो. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट बघावं, आणि बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी असेल तर ती सकाळी घेता येईल का हे विचारावं. पन्नाशीनंतर माणूस झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय मारत असेल, पलंगावरून पडत असेल, तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. प्रत्येक लाथ ही युद्धाची आठवण नसते.

पुढं सांगितलेली झोपेचे तास आवळण्याची पायरी काहींनी स्वतःच्या मनानं करू नये: ज्यांना फिट येतात, ज्यांना बायपोलरचा आजार आहे, ज्यांना अॅप्निया असून उपचार चालू नाहीत आणि जे ट्रक, स्कूलबस किंवा यंत्र चालवतात. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा डुलकी येते. वर्धा रोडवर ताशी ८० च्या वेगात ती आली तर काय होईल, हे सांगायला नको.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एका झटक्यात बंद करू नका. फिट येऊ शकते. उपचार गोळीसह सुरू होतो, आणि गोळी डॉक्टर सावकाश उतरवतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानंही अचानक थांबण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि जगणं नकोसं वाटतंय असा विचार येत असेल, तर झोपेचं वेळापत्रक नंतर. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते आजच दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, कुलपात जायला हवं.

पहिला आठवडा: रजिस्टर

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. एक वही घ्या. रोज सकाळी चहाच्या वेळी सहा गोष्टी नोंदवा: गादीवर किती वाजता गेलो, अंदाजे किती वेळात झोप लागली, मध्ये किती वेळा आणि एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी आली, गादी कधी सोडली, आणि काल दिवसा किती झोपलो. खाली एक ओळ चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), दारू आणि गोळी यांच्यासाठी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. सकाळी आठवेल तसं, अंदाजानं. फौजी माणसाला अचूकतेचा सोस असतो, म्हणून हे दोनदा सांगावं लागतं. भिंतीवरचं घड्याळ काढा आणि मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा.

सात दिवसांनी हिशोब करा. आमचे हवालदार साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास, म्हणजे ५१० मिनिटं गादीवर असायचे. सरासरी झोप निघाली सव्वापाच तास, ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५१० गुणिले १००, म्हणजे साधारण ६२ टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ती ८५ टक्क्यांच्या वर हवी. हवालदारांनी वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे सव्वातीन तास मी फुकट गस्त घालून राहिलो." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यापासून: गादीवरचा वेळ आवळा

हा सगळ्या उपचाराचा कणा आहे आणि सगळ्यांत उलटा वाटणारा भागही हाच. झोप कमी आहे, तर गादीवरचा वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा.

आधी उठायची वेळ ठरवा. ती रविवारी, सणाला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, झोप झालेली असो वा नसो, बदलणार नाही. हवालदारांनी पीटीची जुनी वेळ निवडली, पहाटे पाच. आता वहीतली सरासरी झोप बघा. गादीवर तेवढाच वेळ, फार तर थोडा जास्त, मिळेल. पण साडेपाच तासांच्या खाली मी कुणालाही नेत नाही. हवालदारांची सरासरी सव्वापाच तास, म्हणून त्यांना साडेपाच तास दिले. पाचातून साडेपाच मागं मोजले की रात्रीचे साडेअकरा. साडेअकराच्या आधी गादीला पाठ लावायची नाही, आणि साडेअकरा वाजूनही झोप आली नसेल तर येईपर्यंत थांबायचं.

थकवा आणि झोप यांतला फरक इथं कळावा लागतो. अंग मोडून येणं हा थकवा. पापण्या मिटणं, डुलकी येणं, एकच ओळ तीनदा वाचली जाणं ही झोप.

पहिला आठवडा कठीण जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. आठ वाजता जेवण झालं की साडेअकरा वाजता वाजत नाहीत. सोफा हा या काळातला मोठा शत्रू. काकूंनी सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायला सुरुवात केली, आणि साडेनऊ वाजता दोघं गल्लीतून चक्कर मारून यायला लागले. त्या आठवड्यात हवालदारांची झोप सरासरी ४ तास ५० मिनिटांवर आली, म्हणजे आधीपेक्षाही कमी. चिडचिड वाढली. "तुम्ही तर होती तेवढीही घालवली," असं ते फोनवर म्हणाले, आणि त्यांचा राग मला समजत होता. पण वही वेगळं सांगत होती: ३३० मिनिटांतली २९० मिनिटं, म्हणजे ८८ टक्के. झोप तुकड्यांतून बाहेर येऊन एकसलग व्हायला लागली होती. बहुतेक लोक उपचार सोडतात ते याच आठवड्यात. त्यामुळे या आठवड्यात माझा एक फोन ठरलेला असतो. तुम्ही स्वतः करत असाल तर एखाद्या जुन्या जोडीदाराला, शक्यतो आपल्याच युनिटमधल्या माणसाला, रोज वही वाचून दाखवायचं ठरवा.

पुढचा नियम सोपा. आठवड्याची सरासरी ८५ टक्के किंवा जास्त आली तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडं घ्या. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच ठेवा. ८० च्या खाली गेली तर १५ मिनिटं कमी करा, साडेपाच तासांची मर्यादा सांभाळून. उठायची वेळ कधीही हलवायची नाही, हलते ती फक्त झोपायची वेळ. सहाव्या आठवड्याच्या शेवटी हवालदार साडेदहा ते पाच झोपत होते. साडेसहा तासांतले ५ तास ५० मिनिटं झोप, ९० टक्के. एकूण झोप सुरुवातीपेक्षा जेमतेम अर्धा तास जास्त. पण "झोपलो" असं ते सहा वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले.

दोन वाजता जाग आली तर

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला नियम आजही या उपचाराचा दुसरा कणा आहे: गादी फक्त झोपेसाठी आणि नवराबायकोच्या जवळिकीसाठी. गादीवर जेवण, टीव्ही, मोबाइल, हिशोब, भांडण काहीही नाही. पंधरा-वीस मिनिटं जागे आहोत असं अंदाजानं वाटलं, किंवा त्याआधीच जीव घाबरा होऊ लागला, तर उठायचं. दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिवा लावायचा आणि काहीतरी शांत, थोडं कंटाळवाणं काम करायचं. झोपेनं डोळे जड झाले की परत गादीवर. एका रात्रीत चारदा करावं लागलं तर चारदा.

काय काम करायचं, हे संध्याकाळीच ठरवून ठेवा, नाहीतर मोबाइल हातात येतो. आमच्या हवालदारांनी हॉलमधल्या खुर्चीखाली बुटांची पॉलिश, ब्रश आणि एक फडकं ठेवलं. रात्री जाग आली की खुर्चीत बसायचं, बोटावर फडकं गुंडाळायचं, पाण्याचा एक थेंब, पॉलिशचा एक ठिपका, आणि टोकावर छोटी छोटी गोल वर्तुळं. नातवाचे शाळेचे बूट, सुनेच्या सँडल, जावयाचे ऑफिसचे बूट, सगळं चमकायला लागलं. हातांना माहीत असलेलं, डोक्याला न गुंतवणारं हे काम होतं. कुणी जुनी वर्तमानपत्रं लावतं, कुणी शेंगा सोलतं. काहीही चालेल, फक्त गस्त चालणार नाही.

पहारा उतरवणं

वरच्या दोन पायऱ्या कुणाही निद्रानाशाच्या रुग्णाला लागू आहेत. ही पायरी खास फौजी माणसाची, आणि माझ्या मते इथंच बाजी हरली किंवा जिंकली जाते.

रात्री कुलूप चारदा तपासणं, दाराकडे तोंड करून झोपणं, उशाखाली दांडका किंवा चाकू, खिडकीला कान. या सवयी मेंदूला रोज रात्री सांगतात की धोका अजून आहे. त्या एकदम तोडायला सांगितल्या तर माणूस रात्रभर बसून राहील. म्हणून जिन्याच्या पायऱ्यांसारखं उतरायचं. सोपी सवय आधी, अवघड सवय शेवटी, आणि एका पायरीवर निदान चार-पाच रात्री.

हवालदारांशी आम्ही असं ठरवलं: झोपायच्या अर्धा तास आधी एकच राउंड. मागचं दार, गॅस, गच्चीचं दार, फाटक. प्रत्येक ठिकाणी हात लावून, सावकाश, मोठ्यानं म्हणत: "बंद." राउंड झाला की वहीत वेळ लिहायची आणि शेरा: सब ठीक. मग वही काकूंच्या हातात द्यायची. काकू म्हणायच्या, "डूटी बदली झाली." पहिल्या दिवशी दोघंही संकोचले. चौथ्या दिवशी हवालदार मला म्हणाले की वही हातातून सुटली तेव्हा खांदे खाली आल्यासारखे वाटले. संत्री, म्हणजे पहारेकरी, रिलीफ (बदली माणूस) येईपर्यंत पोस्ट सोडत नाही, आणि यांच्या अंगाला तेच हवं होतं.

नंतर रात्री जाग आली तर कुलपाकडे जायचं नाही, खुर्चीकडे जायचं. मन म्हणेल, एकदाच बघून ये. तेव्हा वहीतला शेरा वाचायचा. बेचैनी चढते, शिखराला जाते आणि तपासणी न करताही उतरते, हे अंगानं अनुभवल्याशिवाय पटत नाही. उशाखालचा दांडका पहिल्या आठवड्यात पलंगाखाली गेला, मग खोलीच्या कोपऱ्यात, शेवटी कपाटामागं. दाराकडे तोंड करून झोपणं मात्र आम्ही तसंच राहू दिलं. त्यानं झोप मोडत नव्हती, मग उगाच कशाला काढून घ्यायचं?

डोक्यातल्या चिंतांसाठी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पंधरा मिनिटं बाजूला काढा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने: चिंता, आणि उद्या करायची एक गोष्ट. पेन्शनचं अडलेलं काम, शेताच्या धुऱ्याचा वाद, मुलीचं लग्न, सगळं तिथं. रात्री ते आठवलं तर "नोंद झाली आहे" एवढंच म्हणायचं. "आज झोपलो नाही तर उद्या काहीच जमणार नाही," या विचारालाही वहीसमोर उभं करा. साडेचार तास झोप झालेल्या दिवसांत तुम्ही खरोखर काय काय केलंत, हे तिथं लिहिलेलं असतं.

अंग सैल करण्यासाठी श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं, आणि तेही दिवसा शिकायचं. शवासनात डोळे मिटून पडल्यावर काही फौजींना उलट धडधड वाढते. त्यांनी डोळे अर्धे उघडे ठेवून, भिंतीला पाठ टेकून बसून करावं.

चहा, खर्रा, रम आणि मे महिना

निव्वळ चहा सोडल्यानं जुनाट निद्रानाश जात नाही, त्यामुळे हा भाग थोडक्यात. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तास शरीरात राहतो, म्हणून चारनंतर चहा-कॉफी नको. खर्र्याबद्दल मात्र आपल्या नागपुरात स्पष्ट बोलायला हवं. त्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही उत्तेजक आहेत. "खर्रा घातला की डोकं शांत होतं" असं वाटतं ते तलफ भागल्यामुळं. रात्री उठून खर्रा घालणाऱ्याची झोप परत लागणं कठीण. निदान संध्याकाळी सातनंतर पुडी घरात नको.

रमचे दोन पेग डोळा लवकर लावतात, हे खरं आहे. पण दारू उतरायला लागली की उत्तररात्री झोप मोडते, घोरणं आणि अॅप्निया वाढतो. रजिस्टरमध्ये दारूच्या आणि बिनदारूच्या रात्री शेजारी ठेवून बघा, मी सांगायची गरज उरणार नाही. रात्री उशिराचं तर्रीदार सावजीही छातीत जळजळ घेऊन दोन वाजता उठवतं. ते दुपारी खा.

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना ते सोपं नसतं. झोपण्याच्या तासभर आधी अंघोळ, कुलरमध्ये पाणी आणि खसाच्या ताट्या वेळेवर बदललेल्या, सुती चादर. कुलरच्या एकसुरी आवाजाचा फौजी माणसाला एक फायदा होतो, बाहेरचे बारीक आवाज त्यात बुडतात. गच्चीवर झोपत असाल तर खुशाल झोपा, तोच नियम तिथंही: ठरलेल्या वेळेआधी चटईवर पडायचं नाही, आणि उजाडल्यावर चादर डोक्यावर ओढायची नाही. पहाटेचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. दुपारची झोप पहिल्या सहा आठवड्यांत बंदच. नंतर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून.

वाईट स्वप्नं

झोप एकसलग झाल्यावर काहींची स्वप्नं आपोआप कमी होतात. ज्यांची होत नाहीत त्यांच्यासाठी एक वेगळी रीत आहे, तिला स्वप्नाची फेरमांडणी म्हणू. औषधाचा मार्गही आहे, पण प्राझोसिन या गोळीवर माजी सैनिकांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काहींना तिचा गुण येतो, तेव्हा चालू असेल तर स्वतः बंद करू नका.

फेरमांडणी दिवसाउजेडी, गादीपासून लांब करायची. सगळ्यांत भयंकर स्वप्न आधी घ्यायचं नाही, मध्यम त्रासाचं निवडायचं. ते वर्तमानकाळात लिहायचं. मग हवं तिथं बदलायचं, कुठलाही बदल, फक्त तो तुमचा हवा. एका सुभेदार साहेबांना स्वप्नात बर्फातून हाक मारायची असायची आणि घशातून आवाज निघत नसे. त्यांनी बदललं ते इतकंच: रेडिओ सेट लागतो, पलीकडून ओळखीचा आवाज येतो, "ऐकू येतंय." ही नवी गोष्ट रोज दहा ते वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायची. जुनी उगाळायची नाही. स्वप्न म्हणजे खऱ्या घटनेचीच हुबेहूब पुनरावृत्ती असेल, साथीदार गेल्याची, हल्ल्याची, तर मात्र हे एकट्यानं करू नका, थेरपिस्ट सोबत हवा.

घरच्यांसाठी

स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहा, दिवा लावा, शांत आवाजात नाव घ्या, आणि कुठं आहोत ते सांगा: "आपण घरी आहोत, नागपूरला, मी आहे." झोपेत हात उगारला गेला तर सकाळी त्याला त्याची लाज वाटत असते. तेव्हा टोमणा नको. काही काळ वेगळ्या पलंगावर झोपल्यानं नातं तुटत नाही, उलट दोघांची झोप वाचते. फक्त ते दोघांनी मिळून, दिवसा बसून ठरवा.

रात्रपाळीची नोकरी

निवृत्तीनंतर बँकेत, मॉलमध्ये, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी करणारे खूप आहेत. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर झोपेचे तास आवळण्याची पायरी सुरू करू नका. आधी सुपरवायझरला भेटून निदान दोन महिने एकच पाळी मागा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. कायमची रात्रपाळी असेल तर सकाळी घरी येताना गॉगल, खोलीला जाड पडदे, आणि सुट्टीच्या दिवशीही झोपायची वेळ शक्य तितकी तीच.

नागपुरात कुठं विचारायचं

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकपासून सुरुवात करा आणि मानसोपचाराचं रेफरल मागा. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथं मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं गेल्यावर नुसतं "झोप येत नाही" म्हणू नका, गर्दीत चिठ्ठीवर गोळी लिहून मिळेल. "जुना निद्रानाश आहे, मला वर्तनोपचार हवाय, इथले सायकॉलॉजिस्ट सीबीटी-आय करतात का?" असं विचारा, आणि सात दिवसांची वही पुढं ठेवा. वही बघितली की समोरचा माणूस वेगळ्या तऱ्हेनं ऐकतो. घरचा माणूस सोबत न्या. फौजी "सगळं ठीक आहे" म्हणतो, खरं घरचे सांगतात.

परत बिघडलं तर

बिघडेल. दिवाळीचे फटाके, लग्नसराईतला डीजे, सीमेवरच्या बातम्या, आणि ज्या तारखेला साथीदार गेला ती तारीख. या तारखा आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या आठवड्यात दारू घरात नको आणि संध्याकाळची चक्कर चुकायला नको. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबेपर्यंत गादीवर जाऊच नका, घरच्यांसोबत बसा आणि उठायची वेळ तेवढी पाळा. एक रात्र वाईट गेली तर काहीही करायचं नाही, दुपारी लवंडायचंही नाही. ओळीनं तीन-चार रात्री गेल्या तर वही परत काढायची, मागच्या वेळी ज्या तासांवर ८५ टक्के जमले होते त्या तासांवर परत जायचं आणि तिथून पंधरा पंधरा मिनिटांनी वर यायचं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर वही घेऊन पुन्हा थेरपिस्टकडे.